अंथरुणातून मैदानात : डॉ. लुडविग गुटमन

१९७२ चा ऑगस्ट महिना. पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग या विद्यापीठ-नगरीत सांगली जिल्ह्यातील पेठ गावचा एक माजी सैनिक जलतरणाच्या शर्यतीसाठी सज्ज झाला होता. मुरलीकांत पेटकर हे त्यांचे नाव. मूळचे मुष्टियोद्धे असलेल्या पेटकरांचे कमरेखालचे शरीर १९६५ च्या भारत-पाक युद्धात लागलेल्या गोळ्यांनी निकामी केले होते. त्या दिवशी ५० मीटर फ्रीस्टाइलची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली आणि पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक महाराष्ट्राच्या या सुपुत्राच्या गळ्यात पडले. पुढे अनेक वर्षे या पदकाची फारशी कुणी आठवण काढली नाही, ही गोष्ट वेगळी.

खरे तर ती स्पर्धा हायडेलबर्गला व्हायचीच नव्हती. त्या वर्षीचे ऑलिम्पिक म्युनिकला होते आणि अपंगांची स्पर्धाही तिथेच व्हावी, अशी आयोजकांची इच्छा होती. मात्र म्युनिकमधील ऑलिम्पिक ग्रामाच्या इमारती खेळ संपताच खासगी सदनिकांसाठी द्यायच्या होत्या. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंसाठी त्या आणखी काही आठवडे राखून ठेवणे जमणारे नव्हते. अशा वेळी हायडेलबर्ग विद्यापीठ पुढे आले. आपल्या शारीरिक शिक्षण संस्थेचे आवार त्याने या खेळांसाठी खुले केले. चाळीसहून अधिक देशांचे सुमारे एक हजार खेळाडू तिथे जमले. ज्या मैदानांवर एरवी धडधाकट विद्यार्थी धावत, तिथे आठ-दहा दिवस चाकांच्या खुर्च्या फिरत होत्या.

हे सारे ज्यांच्या हट्टापायी घडत होते, ते डॉ. लुडविग गुटमन त्या वेळी ७३ वर्षांचे होते. ज्या देशात हा सोहळा चालला होता, त्याच देशातून ३३ वर्षांपूर्वी त्यांना जीव वाचवून पळावे लागले होते.

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील वरच्या सायलेशिया प्रांतात, टोस्ट या छोट्या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये असून तोशेक या नावाने ओळखले जाते. गुटमन लहान असतानाच कुटुंब कोनिग्सहुट्टे या कोळसा खाणींच्या शहरात राहावयास गेले. खाण म्हटली की अपघात आलेच. अशा अपघातग्रस्त कामगारांसाठी शहरात एक रुग्णालय होते. पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१७ मध्ये अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील गुटमन तिथे वॉर्डबॉयचे काम करू लागले. त्यांच्यासमोर एक तरुण खाणकामगार आणला गेला. धिप्पाड देहाचा, परंतु पाठीचा कणा मोडलेला. गुटमन त्याची नोंद करू लागले, तेव्हा वरिष्ठांनी त्यांना थांबवले. या रुग्णाबद्दल फार लिहीत बसण्याचे कारण नाही, काही आठवड्यांत तो जाणारच आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्या कामगाराला इतर रुग्णांपासून वेगळे ठेवले गेले. पाठीवर जखमा झाल्या, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, रक्तात विष भिनले आणि पाच आठवड्यांत तो गेला. तो चेहरा गुटमन अखेरपर्यंत विसरले नाहीत.

ब्रेस्लाऊ, वुर्झबर्ग आणि फ्रायबर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२४ मध्ये ते डॉक्टर झाले. नोकरीच्या शोधात ब्रेस्लाऊला आले असता त्यांना प्रा. ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या मज्जासंस्था विभागात जागा मिळाली. फोर्स्टर हे त्या काळातील युरोपातील नामांकित न्यूरॉलॉजिस्ट होते. मधल्या काळात हँबर्गला काही महिने काढून १९२९ मध्ये गुटमन पुन्हा फोर्स्टर यांच्याकडे प्रथम सहायक म्हणून परतले. तिथेच राहिले असते, तर एक उत्तम मेंदूशल्यविशारद म्हणून त्यांचे नाव झाले असते आणि ही हकीकत तिथेच संपली असती. पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. सरकारी रुग्णालयांतून ज्यू डॉक्टरांची हकालपट्टी झाली. गुटमन ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि १९३७ मध्ये त्याचे वैद्यकीय संचालक झाले.

नोव्हेंबर १९३८ मधील ती कुप्रसिद्ध रात्र उजाडली. जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि दुकाने जाळली जात होती, पुरुषांना धरून छळछावण्यांकडे नेले जात होते. गुटमन यांनी रुग्णालयाला आदेश दिला की, जो कोणी पुरुष दाराशी येईल त्याला काहीही न विचारता दाखल करून घ्यावे. रात्रीत ६४ जण दाखल झाले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी आले आणि एवढे रुग्ण अचानक कुठून आले, असा जाब त्यांनी विचारला. गुटमन त्यांना खाटेखाटेपाशी घेऊन गेले आणि प्रत्येक माणसाचा आजार त्यांनी शांतपणे समजावून सांगितला. काही जणांना असलेले आजार सांगितले, काहींना नसलेले. ६४ पैकी ६० जण त्या दिवशी अटकेतून वाचले.

त्यानंतर देश सोडण्याला पर्याय उरला नाही. मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्झे, मुलगा डेनिस आणि मुलगी एव्हा यांच्यासह गुटमन इंग्लंडला पोहोचले. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने त्यांची ऑक्सफर्डला सोय केली. तिथे संशोधनाचे काम मिळाले, परंतु रुग्णांना हात लावण्याची मुभा जवळपास नव्हती. जर्मनीत मोठा विभाग सांभाळलेल्या माणसाला हे रिकामेपण सोसवत नव्हते.

१९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना एका कामाबद्दल विचारले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची तयारी सुरू होती आणि या मोहिमेत मणक्याला इजा झालेले सैनिक मोठ्या संख्येने परत येणार, हे उघड होते. अशांसाठी बकिंगहॅमशायरमधील आयल्सबरी गावालगतच्या स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात वेगळा विभाग उघडायचा होता. हे काम कुणालाच नको होते. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू तुटलेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले होते. जे वाचले, ते शुश्रूषागृहांच्या कोपऱ्यात पडून राहिले. अशा रुग्णांवर हात आजमावणे म्हणजे कारकीर्दीची माती करून घेणे, असे डॉक्टर मंडळी समजत. गुटमन यांनी एका अटीवर होकार दिला : विभाग आपल्या पद्धतीने चालवू दिला पाहिजे, मध्ये कुणी पडता कामा नये.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी २६ खाटांचा हा विभाग सुरू झाला, तेव्हा त्यात एकच रुग्ण होता. सहा महिन्यांत ही संख्या पन्नासच्या आसपास गेली.

गुटमन यांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर रुग्णांना प्लास्टरच्या कवचातून बाहेर काढले. मोडलेला कणा हलू नये म्हणून त्यांना कवचात जखडून पाठवले जाई आणि त्या कवचाखालीच शय्याव्रण चिघळत. संवेदनाच नसल्यामुळे जखम हाडापर्यंत पोहोचली तरी रुग्णाला समजत नसे. त्यावर उपाय अगदी साधा होता, पण कष्टाचा. प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी, रात्रंदिवस, कुशीवर वळवायचे. परिचारक कुरकुरले. तेव्हा गुटमन स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात येऊन कुणाला वळवले आणि कुणाला नाही याची तपासणी करू लागले. मूत्राशयाच्या निगेबाबतही त्यांची शिस्त तितकीच कडक होती. कारण जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचले की रुग्ण हातचा जाई. मृत्यूचे हे दोन रस्ते बंद झाल्याबरोबर रुग्ण जगू लागले आणि मग नवाच प्रश्न उभा राहिला. वीस-बावीस वर्षांचा हा मुलगा आता आणखी तीस-चाळीस वर्षे जगणार असेल, तर त्याने ती काय करीत काढायची?

गुटमन यांचे वेगळेपण इथे सुरू होते. रुग्णालयात त्यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे वर्ग सुरू केले. सकाळी उठून दाढी करायची, अंगावर कपडे चढवायचे आणि कामाला लागायचे. अंथरुणात पडून राहण्याची परवानगी कुणालाच नव्हती. बुटके, स्थूल, जाड भिंगांचा चष्मा लावणारे आणि जर्मन हेल काढून इंग्रजी बोलणारे गुटमन वॉर्डात शिरले की परिचारिकांपासून रुग्णांपर्यंत सारे सावध होत. ते ओरडत, हुकूम सोडत, नकार ऐकून घेत नसत. तरीही रुग्णांनी त्यांना नाव दिले होते ‘पॉपा’.

मग आला खेळ. तो करमणूक म्हणून आला, असा समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. खेळ गुटमन यांच्या दृष्टीने औषध होते आणि या औषधामागे शरीरशास्त्राचा पक्का आधार होता. मज्जारज्जू पाठीच्या मध्यावर तुटला की खालचे स्नायू मेंदूच्या ताब्यातून जातात आणि माणसाला बसताना तोलही सांभाळता येत नाही. तथापि पाठीवरचा एक रुंद स्नायू या नियमाला अपवाद ठरतो. त्याचे एक टोक दंडाशी आणि दुसरे थेट कटिभागाशी जोडलेले असते, मात्र त्याला चालना देणारी मज्जा मानेच्या भागातून निघते. म्हणजे मानेखाली पाठ मोडली तरी हा स्नायू जिवंत राहतो आणि धडाच्या जागत्या व निद्रिस्त भागांमधला पूल बनतो. गुटमन यांनी नेमका हा पूल बळकट करण्याचे ठरवले. हात वर नेणे, खेचणे, फेकणे अशा हालचालींनी तो घडत जाई आणि महिन्याभरापूर्वी उशांच्या आधाराने बसणारा तरुण खुर्चीत आपला आपण ताठ बसू लागे. कोरड्या कवायतीपेक्षा चेंडू हाती दिला तर तीच हालचाल तो शंभर वेळा आनंदाने करतो, हे त्यांनी हेरले होते.

पहिला खेळ रुग्णांनीच शोधला, असे म्हणायला हरकत नाही. हातातली काठी उलटी धरून लाकडी चकती ढकलत ते खुर्च्यांवरून एकमेकांचा पाठलाग करीत. गुटमन आणि सैन्यातून आलेले शारीरिक प्रशिक्षक हिल या दोघांनी त्याला पोलोचे रूप दिले. काही काळ स्टोक मॅन्डेव्हिलच्या आवारात हा खुर्च्यांचा पोलो रंगला. पण खेळ फारच धसमुसळा निघाला आणि तो बंद करून नेटबॉल आणण्यात आला. १९५५ मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका संघाने बास्केटबॉल खेळून दाखवला, त्यानंतर नेटबॉलही मागे पडला.

यापेक्षा वेगळी होती तिरंदाजी. धनुष्याची दोरी ताणताना खांदे, दंड आणि तोच पाठीचा रुंद स्नायू कामाला लागतो. शिवाय नेम धरताना तोल सांभाळावाच लागतो. आणखी एक गोष्ट गुटमन यांना महत्त्वाची वाटे : निशाण्यापुढे उभा असलेला आणि खुर्चीत बसलेला, हे दोघे बरोबरीचे स्पर्धक असतात. इथे कुणी कुणाला सवलत द्यायची नसते. या म्हणण्याची सत्यता त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी जगाला दिसली. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये, अपंगांच्या नव्हे तर सर्वसाधारण ऑलिम्पिकमध्ये, न्यूझीलंडची नेरोली फेअरहॉल व्हीलचेअरवर बसून तिरंदाजी स्पर्धेत उतरली.

२९ जुलै १९४८. लंडनला वेम्बली मैदानावर ऑलिम्पिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मॅन्डेव्हिलच्या हिरवळीवर १६ अपंग तिरंदाजांची एक छोटी स्पर्धा झाली. त्यात १४ पुरुष होते आणि २ स्त्रिया. एका बाजूला गुटमन यांचे रुग्ण होते, तर दुसऱ्या बाजूला लंडनजवळच्या रिचमंड येथील स्टार अँड गार्टर या अपंग सैनिकांच्या निवासातील खेळाडू. त्याच दिवशी रुग्णांना बाहेर नेता यावे यासाठी खास बनवलेली एक बसही रुग्णालयाला मिळाली. वर्तमानपत्रांनी या घडामोडींकडे फारसे लक्ष दिल्याचे दिसत नाही आणि ते स्वाभाविकही होते. पुढच्या वर्षी सहा रुग्णालयांतून ३७ स्पर्धक आले. तेव्हाच्या भाषणात गुटमन यांनी सांगून टाकले की एक दिवस या खेळांना ऑलिम्पिकच्या तोडीचे स्थान मिळेल. ऐकणाऱ्यांना ती डॉक्टरांची अतिशयोक्ती वाटली. १९५२ मध्ये हॉलंडचे पथक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या चळवळीला फर्नली चषक देऊन दखल घेतली.

मैदान मिळवणे कठीण होते, परंतु त्याहून कठीण होते मैदानापर्यंत पोहोचणे. याचा धडा रोमने दिला.

सप्टेंबर १९६० मध्ये रोमचे ऑलिम्पिक संपल्यावर तिथेच अपंगांची स्पर्धा झाली. इटलीचे डॉ. अँटोनियो मालियो यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. आज आपण जिला पहिली पॅरालिम्पिक म्हणतो ती हीच. वीसहून अधिक देशांचे सुमारे ४०० खेळाडू आले, पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना भेट दिली, सोहळ्याला थाट होता. फक्त एक गोष्ट आयोजकांच्या हातून निसटली. ज्या इमारतींत लिफ्ट होती, त्या ऐनवेळी मिळू शकल्या नाहीत. खेळाडूंची व्यवस्था ज्या इमारतींत झाली त्या खांबांवर उभारलेल्या होत्या आणि वर जाण्यासाठी जिने होते. मग काय, इटालियन सैनिक बोलावण्यात आले आणि दिवसातून कितीदा तरी खेळाडूंना खुर्चीसकट उचलून वर-खाली नेण्याचे काम त्यांनी केले. ज्या माणसाने बाहूंच्या बळावर चारशे जणांशी स्पर्धा करायची, त्याला न्याहारीसाठी मात्र दुसऱ्याच्या खांद्यावरून खाली यायचे. त्या आठवड्यात ब्रिटनला पहिले सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या मार्गारेट मॉन यांची हकीकत मजेशीर आहे. तिरंदाजी आटोपून त्या बसमध्ये जाऊन बसल्या होत्या. आपण जिंकलो आहोत, हे त्यांना ठाऊकच नव्हते. पदक देण्याची वेळ आली तेव्हा त्यांचा शोध घेऊन त्यांना परत आणावे लागले. तिरंदाजी त्यांना स्टोक मॅन्डेव्हिलच्या उपचारांतच गवसली होती.

१९६४ मध्ये टोकियोने रोमपेक्षा बरी तयारी केली. जपानमधील या स्पर्धेमागे डॉ. युताका नाकामुरा होते. १९६० मध्ये ते गुटमन यांच्या हाताखाली शिकून गेले होते. या खेळांनी जपानी डॉक्टरांना एक धक्का दिला. परदेशी खेळाडू नोकऱ्या करणारे, बाजारात फिरणारे, आनंदी होते आणि जपानी खेळाडूंपैकी अनेक जण थेट रुग्णालयातून मैदानावर आले होते. पुढच्याच वर्षी नाकामुरा यांनी ओइता प्रांतात अपंगांना रोजगार देणारी संस्था काढली. १९६८ ला मेक्सिको शहराने ही स्पर्धा घ्यायला नकार दिला आणि ती तेल अवीवला गेली. भारताने प्रथमच आपले पथक पाठवले ते याच वेळी. पेटकर त्या पथकात टेबल टेनिस खेळण्यासाठी होते. मग आले म्युनिकचा नकार आणि हायडेलबर्ग विद्यापीठाचे आवार.

इथे अटलांटिकपलीकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याशी तुलना केल्याशिवाय गुटमन यांचे थोरपण आणि मर्यादा दोन्ही नीट कळत नाहीत. ज्या १९४८ साली स्टोक मॅन्डेव्हिलच्या हिरवळीवर पहिले बाण सुटले, त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट या तरुण प्राध्यापकाने युद्धात जायबंदी झालेल्या विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुरू केला. गेल्सबर्ग येथील जुन्या लष्करी रुग्णालयाच्या जागेत विद्यापीठाने त्या वेळी एक शाखा चालवली होती. ती बंद होणार असे कळताच विद्यार्थी खुर्च्या घेऊन राज्याच्या राजधानीत निदर्शने करायला गेले आणि अखेर हा उपक्रम मुख्य आवारात हलवला गेला. न्यूजंट यांनी तिथे वर्गखोल्यांना उतार केले, खुर्ची चढवता येईल अशा बस सुरू केल्या आणि व्हीलचेअर बास्केटबॉलचा संघ उभा केला. गेल्सबर्गलाच १९४९ मध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. याच विद्यापीठात झालेल्या कामातून १९६१ मध्ये अमेरिकेत इमारती अपंगांना सुगम करण्याचे पहिले राष्ट्रीय मानक तयार झाले. उतार किती असावा, दार किती रुंद असावे, याची मापे प्रथमच कागदावर आली.

फरक हा असा. न्यूजंट यांनी सर्वांसाठी असलेले आवार अपंगांसाठी उघडले, गुटमन यांनी अपंगांसाठी वेगळे आवार उभे केले. स्टोक मॅन्डेव्हिलला खेळाडू अनेक वर्षे रुग्णालयाच्या बराकींत राहत आणि हिरवळीवर खेळत. पाऊस आला की सारे विस्कटे. गुटमन यांनी वर्षानुवर्षे देणग्या जमवल्या आणि अखेर रुग्णालयाच्या शेजारी एक क्रीडासंकुल उभे राहिले. आत सभागृह, तरणतलाव आणि व्यायामाची साधने होती आणि कुठेही खुर्ची अडणार नाही, अशी सारी मांडणी होती. राणी एलिझाबेथ यांनी १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्याचे उद्घाटन केले. अपंगांसाठी म्हणून खास बांधलेले जगातील पहिल्या संकुलांपैकी ते एक मानले जाते. मात्र असे संकुल देशात एकच. आयल्सबरीहून घरी परतलेल्या तरुणाला आपल्या गावच्या तलावाला तेच दोन अरुंद दरवाजे आणि तीच पायऱ्यांची रांग भेटत होती, हे नाकारता येत नाही. गुटमन यांनाही त्याची जाणीव असावी. १९६१ मध्येच त्यांनी मणक्याच्या रुग्णांपलीकडे सर्व प्रकारच्या अपंगांसाठी ब्रिटनमध्ये क्रीडासंघटना काढली होती. आणि म्हणूनच हायडेलबर्गचे महत्त्व मोठे. तिथे प्रथमच एका विद्यापीठाचे चालते-बोलते क्रीडा आवार, थोड्या दिवसांपुरते का होईना, या खेळाडूंच्या हवाली झाले.

त्यांचा स्वभाव बघता, टीकाही ओघाने येणार होती. खेळाडूंच्या क्षमतेची वर्गवारी डॉक्टर करणार, नियम डॉक्टर ठरवणार, खेळाडूंना त्यात मत नसे. चाकांच्या खुर्चीची शर्यत टोकियोत फक्त ६० मीटरची होती. त्याहून अधिक अंतर हृदयाला आणि शरीराला झेपणार नाही, असे वैद्यकीय मंडळींना वाटे. रुग्णाला अंथरुणातून उठवण्यासाठी जगाशी भांडलेले डॉक्टर त्याच्या धावण्याला मात्र साठ मीटरांची वेस घालत होते. १९७५ मध्ये बॉब हॉल या अमेरिकन तरुणाने बोस्टन मॅरेथॉन खुर्चीवरून दोन तास ५८ मिनिटांत पूर्ण केली आणि तो वाद निकालात निघाला. अंध आणि हातपाय गमावलेल्या खेळाडूंना प्रवेश मिळायलाही १९७६ चे टोरंटो उजाडावे लागले. एवढे सगळे खरे असले, तरी ज्या काळात अशा रुग्णाला जगवणेच व्यर्थ मानले जाई, त्या काळातून हा माणूस इथवर आला होता, हे विसरणे अन्यायाचे होईल.

भारतात मणक्याला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये लष्कराचे पुनर्वसन केंद्र सुरू झाले आणि तिथे खेळांना महत्त्व मिळाले. नागरी जीवनात मात्र वेग मंद राहिला. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने महाविद्यालये आणि विद्यापीठांवर विद्यार्थ्यांना खेळ व मनोरंजनाच्या समान संधी देण्याची जबाबदारी टाकली आणि सरकारने क्रीडासुविधा अपंगांना वापरता येतील अशा नव्याने रचाव्यात, असेही म्हटले. आपल्या महाविद्यालयांच्या व्यायामशाळांकडे नजर टाकली, तर उंबरठा, तीन-चार पायऱ्या आणि अरुंद दार हे दृश्य आजही नवे वाटत नाही. एखादा खुर्चीवरचा विद्यार्थी तिथवर आला, तर त्याला उचलून आत नेण्याची तयारी मित्रांची असते, रोमच्या सैनिकांइतकीच. उतार करायला मात्र वेळ लागतो.

गुटमन यांच्यावर मानसन्मानांचा वर्षाव झाला. १९६६ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, त्याच सुमारास ते रुग्णालयातून निवृत्त झाले. १९७६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. मज्जारज्जूच्या दुखापतींवरचा त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये आणि अपंगांच्या क्रीडेवरचा १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक म्हणून असलेले त्यांचे काम खेळांच्या झगमगाटात झाकले जाते. मज्जारज्जू तुटलेल्या रुग्णाचे मूत्राशय भरले की रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढतो, या घटनेचा त्यांनी सहकाऱ्यासोबत १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही रुग्णसेवेत उपयोगी पडतो. स्पेनमधील बार्सिलोना येथे १९६५ मध्ये उभ्या राहिलेल्या पुनर्वसन रुग्णालयालाही त्यांचेच नाव आहे.

१९८० चे ऑलिम्पिक मॉस्कोला होणार होते. तिथल्या राजवटीने अपंगांची स्पर्धा भरवायला नकार दिला आणि ती हॉलंडमधील आर्नहेमला ठरली. ती पाहायला गुटमन राहिले नाहीत. १८ मार्च १९८० रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते ८० वर्षांचे होते.

स्टोक मॅन्डेव्हिलच्या त्या क्रीडासंकुलाच्या आवारात २०१२ पासून त्यांचा पुतळा उभा आहे. पॅरिसच्या पॅरालिम्पिकसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ज्योत प्रज्वलित झाली ती इथेच, आणि ती पुढे इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून फ्रान्सला नेण्यात आली. मुरलीकांत पेटकरांना हायडेलबर्गच्या पदकासाठी पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत ४६ वर्षे उलटली होती. आणि गुटमन यांनी अपंगांसाठी बांधलेला तो तरणतलाव आणि व्यायामशाळा आज आयल्सबरीतील सर्वसामान्य नागरिकही वापरतात.